कॅमेरा-माइक नंतर बघू, आधी बाबांचे मेसेज कोण वाचतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, बारामतीला असतात आणि तुम्ही पुण्यात. त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ८३ ॲप्स निघाली. कुठलासा व्हिडिओ बघून तुम्ही एका बैठकीत दिसेल ती परवानगी बंद केलीत. आता पैसे पाठवायचं ॲप उघडलं की आधी परवानगी मागतं आणि तिथेच अडून बसतं. व्हॉट्सॲपवर नावांऐवजी नुसते नंबर दिसतात. बाबा म्हणतात, "माझा फोन होता तसा करून दे." आणि तुम्हाला यादी हवी आहे: कोणती परवानगी ठेवायची, कोणती काढायची. सगळ्यात जास्त धास्ती कॅमेरा-माइकची.

यादी मी देत नाही, कारण अशी यादी होत नाही. लोकेशन नसेल तर रिक्षा बोलवायच्या ॲपला तुमचं दार सापडणार नाही. तेच लोकेशन पंचांगाच्या ॲपला दिवसरात्र कशाला हवं? परवानगी तीच, निर्णय उलटा. त्यामुळे मी कुठून सुरुवात करतो आणि का, ते सांगतो. बाबांचा फोन हातात घेतल्यावर पुढचं तुम्हाला जमेल.

माझं नाशिक रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. पोट डिस्प्ले आणि चार्जिंग पिनवर चालतं, पण "फोनमध्ये व्हायरस शिरलाय" म्हणून आलेलं गिऱ्हाईक नाही असा दिवस जात नाही. त्यातल्या बहुतेकांकडे चित्रपटात दाखवतात तसला व्हायरस नसतो. कधीतरी घाईत, नातवाच्या हट्टापायी नाहीतर फोनवरच्या गोड आवाजाच्या सांगण्यावरून कुठल्यातरी ॲपला त्यांनी स्वतःच 'हो' म्हटलेलं असतं.

तुमची चूक परवानग्या काढण्यात नाही. सगळ्या परवानग्या एकाच वजनाच्या धरल्यात, ती चूक. शिवाय त्या व्हिडिओत दाखवतात ते पान म्हणजे परवानग्यांचं नेहमीचं पान: कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्क. बाबांच्या वयाच्या माणसाचं बँक खातं रिकामं होतं ते बहुतेक वेळा या पानामुळे नाही. ते दुसऱ्या पानावरून होतं, आणि ते पान तुम्ही उघडलं असेल असं प्रश्नावरून वाटत नाही.

आधी काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या ठिकाणी अँड्रॉइडचा आकडा बघा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲप चालू असताना एकेक परवानगी द्यायची किंवा नाकारायची सोय आली. त्याआधी ॲप टाकतानाच सगळ्याला मिळून एकच 'हो' असायचं. १० मध्ये 'ॲप वापरात असतानाच लोकेशन' हा पर्याय आला, ११ मध्ये 'फक्त या वेळेपुरती' परवानगी, १२ मध्ये कॅमेरा-माइक चालू असताना कोपऱ्यात दिसणारा हिरवा ठिपका आणि कोणी काय कधी वापरलं हे दाखवणारा प्रायव्हसी डॅशबोर्ड. १३ पासून नोटिफिकेशन पाठवायलाही ॲपला विचारावं लागतं, आणि १४ पासून निवडक फोटोच दाखवता येतात. आकडा १० च्या खाली असेल तर मी सांगतो त्यातलं निम्मं तुम्हाला दिसणारच नाही. मग परवानग्या चाळत बसण्यापेक्षा त्या फोनवरून बँकेचे व्यवहार बंद करणं बरं. मेनूतली नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाका, मीही तेच करतो.

दुसरं, बाबांना नीट दिसतं-ऐकू येतं का? हे विचारण्यामागे माझीच एक फजिती आहे. एका आजोबांचा फोन मी मोठ्या उत्साहाने 'साफ' केला आणि एका अनोळखी ॲपची 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आत आजोबा हजर. श्रवणयंत्र बिघडलं म्हणे, आवाज कमी-जास्त होईना. यंत्र धडधाकट होतं. ते ॲप श्रवणयंत्राचंच होतं आणि मी त्याचं ब्लूटूथ तोडलं होतं. तेव्हापासून 'हे ॲप कशाचं?' हे विचारल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही.

आता आज काय करायचं. फोनवरून बाबांना सांगून व्हॉट्सॲपची संपर्कांची परवानगी परत चालू करून घ्या. नावं परत दिसली की त्यांचा निम्मा राग उतरेल आणि पुढच्या भेटीत फोन हातात मिळेल. पैसे पाठवायच्या ॲपची फोन आणि एसएमएस या दोन्ही परवानग्याही परत द्या. यूपीआयचं ॲप सुरू करताना तुमच्याच सिमवरून बँकेकडे एक मेसेज जातो. त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे हे बँकेला पटतं, आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. ती बांधणी सिमवर उभी असल्यामुळे ही ॲप्स या दोन परवानग्यांसाठी अडून बसतात. नोंदणी झाल्यावर काढल्या तर काही ॲप्स चालतात, काही दर वेळी भांडतात. मी वयस्कर माणसांच्या फोनमध्ये त्या तशाच ठेवतो. ज्या ॲपवर तुम्ही बँक खातं सोपवलंय त्याच्यापासून एसएमएस लपवून मिळणार काय?

त्यानंतर समोरासमोर बसाल तेव्हा सगळ्यात आधी सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. आत 'डाउनलोड केलेली ॲप्स' किंवा 'इन्स्टॉल केलेली ॲप्स' असा भाग असतो. ही सोय मुळात दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक याच जोरावर चालतं. पण वाचून दाखवायचं तर आधी वाचावं लागतं, आणि बोटाच्या जागी बटण दाबायचं तर दाबण्याचा अधिकार लागतो. म्हणजे ही परवानगी मिळालेलं ॲप पडद्यावर जे येईल ते बघू शकतं आणि तुमच्या वतीने 'हो' दाबू शकतं. स्वतःला बाकीच्या परवानग्याही देऊन घेऊ शकतं. पूर्वी कॉल रेकॉर्ड करणारी बरीच ॲप्स याच वाटेने चालायची. गुगलने मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲप्सना त्यासाठी ही वाट वापरायला मनाई केली. बाबा टॉकबॅकसारखं काही वापरत नसतील तर या यादीत सगळ्यांपुढे 'बंद' असायला हवं. पासवर्ड सांभाळणारं एखादं ॲप तुम्ही स्वतः टाकलं असेल, तर तेवढा अपवाद.

दुसरं पान 'विशेष ॲप ॲक्सेस'. सेटिंग, ॲप्स, आणि तिथे अगदी तळाला किंवा तीन ठिपक्यांच्या आड. इथे चार ठिकाणं बघा.

पहिलं, नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी. ॲपने स्वतःच्या सूचना पाठवणं वेगळं आणि दुसऱ्या सगळ्या ॲप्सच्या सूचना वाचणं वेगळं. इथे गल्लत होते. ओटीपीचा मेसेज आला की तो आधी सूचनेच्या पट्टीत दिसतो. म्हणजे एखाद्या ॲपला एसएमएसची परवानगी नसली तरी ही असेल, तर बऱ्याच फोनांवर ओटीपी त्याच्या हातात. मनगटी घड्याळाच्या ॲपला ती लागते, नाहीतर घड्याळावर कॉल-मेसेज दिसणार नाहीत. बाकी कोणी इथे दिसलं तर मी भुवई वर करतो.

दुसरं, 'इतर ॲप्सवर दिसणे'. फोन नुसता टेबलावर पडलाय आणि पूर्ण पडदाभर जाहिरात येते, ही दुकानातली नेहमीची तक्रार. जाहिरात आली की ती बंद करायची घाई न करता अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा. बऱ्याचदा तिथे जाहिरातीच्या चौकटीवर खऱ्या मालकाचं नाव दिसतं: कुठलंतरी फोटो सजवायचं ॲप, नाहीतर 'क्लीनर'. जाहिरात हा त्यातला किरकोळ त्रास. याच परवानगीने बँकेच्या ॲपवर हुबेहूब खोटा पडदाही चढवता येतो.

तिसरं, 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे'. इथे व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल उघडणारं ॲप, तिघांनाही बंद ठेवा. बाबांच्या फोनमधलं एकच बटण बदलायची मुभा मला दिली तर मी हे बदलेन. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवरून लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांनी फाइली फिरतात. त्यांच्या शेवटी पीडीएफ नसतं, एपीके असतं, म्हणजे ते अख्खं ॲपच असतं. माझ्याकडे लग्नसराईत असाच एक फोन आला होता. गृहस्थ निवृत्त, पत्रिका कोणाची आहे हे बघायला त्यांनी ती उघडली आणि पडद्यावर येईल त्याला 'अनुमती' देत गेले. ॲप टाकल्यावर त्याचं चित्र पडद्यावरून गायब झालं, त्यामुळे ते म्हणाले, "काही आलंच नाही, उघडलंच नाही." सेटिंगमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत मात्र ते बसलेलं होतं, एसएमएस वाचण्याच्या आणि पाठवण्याच्या परवानगीसकट. बँकेतून ४० हजार गेले तेव्हा ते झोपलेले होते.

अँड्रॉइड १३ पासून गुगलने यात एक खीळ घातली आहे. असं बाहेरून आलेलं ॲप ॲक्सेसिबिलिटी किंवा नोटिफिकेशन वाचायला मागू लागलं, तर फोन आपणहून अडवतो आणि 'हे सेटिंग मर्यादित आहे' असा फलक दाखवतो. म्हणूनच भामटे फोनवर बोलत राहतात: "काका, तीन ठिपके दाबा, आता 'मर्यादित सेटिंगला अनुमती द्या' दाबा." बाबांना बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण फोनवर बोलणारा माणूस सेटिंगमध्ये जायला सांगतोय म्हणजे फोन ठेवायचा, एवढं त्यांच्या गळी उतरवा. पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप्सही याच कुळातली. ती स्वतः प्रामाणिक असतात. लांब बसून संगणक दुरुस्त करायला मी पण वापरतो. पण २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच एका ॲपच्या नावानिशी सावध केलं होतं, ते याच पद्धतीच्या फसवणुकीमुळे. बाबांच्या फोनमध्ये असं ॲप असेल आणि ते तुम्ही टाकलेलं नसेल, तर काढा आणि ते कधी, कोणाच्या सांगण्यावरून आलं हे शांतपणे विचारा.

चौथं, 'डिव्हाइस ॲडमिन'. एखादं ॲप काढायला गेलात आणि 'अनइन्स्टॉल' हे बटण फिकं पडलेलं दिसलं, तर ते इथे ठाण मांडून बसलंय असं समजा. आधी इथून त्याचा अधिकार काढा, मग ॲप काढा. फोन हरवल्यास शोधून देणारी गुगलची सोय इथे दिसेल, तिला धक्का लावू नका.

एवढं झालं की मगच तुमच्या त्या नेहमीच्या पानावर या. तिथेही ॲपच्या नावाने जाऊ नका, ८३ वेळा आत-बाहेर कराल आणि विसाव्या ॲपला कंटाळाल. 'परवानगी व्यवस्थापक' उघडा आणि परवानगीच्या नावाने बघा. 'एसएमएस' दाबलं की ज्यांना ती आहे तेवढ्यांचीच यादी समोर येते. या यादीत मेसेजचं स्वतःचं ॲप, पैशाची एक-दोन ॲप्स, आणि वापरत असाल तर ट्रूकॉलरसारखं एखादं, एवढेच असावेत. खरेदीची, जेवण मागवायची, तिकिटांची ॲप्स "ओटीपी आपोआप भरायला" म्हणून मागतात. त्यांना त्याची गरज नाही. गुगलने २०१७ पासूनच अशी सोय दिलेली आहे की ॲपला त्याच्यासाठी आलेला तेवढा एकच मेसेज मिळतो, बाकी इनबॉक्स दिसत नाही आणि ही परवानगीही लागत नाही. तरीही जे मागतं, त्याला नाही म्हणा. बाबा सहा आकडे हाताने टाकू शकतात.

मग 'संपर्क'. ही परवानगी मला एसएमएसइतकीच जड वाटते, आणि लोक ती सगळ्यात सहज देतात. बाबांच्या संपर्कांत बाबा नसतात हो. तुम्ही असता, आत्या असते, दूधवाला असतो, डॉक्टर असतात. 'हो' बाबांनी म्हटलं आणि नंबर गेले तुमचे सगळ्यांचे. २०२० नंतरची दोन-तीन वर्षं झटपट कर्जाच्या ॲप्सनी जो हैदोस घातला तो याच बटणावर. आमच्या गल्लीतल्या एका पोराने पाच हजार घेतले होते. फेडलेही. तरी त्याच्या मामांना, जे शाळेत मास्तर, "तुमचा भाचा चोर आहे" असे फोन येत राहिले. पोरगं ॲप काढून माझ्याकडे आलं, म्हणालं, "दादा, आता तर परवानगीच नाही, तरी कसे येतात?" परवानगी काढली की पुढचं थांबतं, आधी उचलून नेलेलं परत येत नाही. त्याला मी एवढंच सांगू शकलो आणि सायबर पोलिसांकडे घेऊन गेलो.

आता नियम बदललेत. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या ॲप्सना संपर्क, कॉल लॉग, फाइली आणि फोटो यांना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशन हेसुद्धा केवायसीपुरतं, एकदाच आणि विचारून. गुगल प्लेनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना संपर्क आणि फोटो बंद केले. म्हणजे आज कर्जाचं एखादं ॲप संपर्क मागत असेल तर ते नियमात नाही, एवढ्यावरून त्याची पारख होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर याचं उदाहरणच दिलंय. एका बाईंनी ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याचं ॲप घेतलं आणि सल्ल्याबरोबर संपर्क यादीलाही संमती दिली. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्क यादी लागत नाही, म्हणून तेवढ्याला ती संमती धरायचीच नाही. कागदावर हे झकास आहे. पण कायदा भांडण झाल्यावर कामाला येतो, बटण आत्ता तुमच्या हातात आहे.

एक बारीक गोष्ट: रिचार्जचं ॲप "मित्राचा नंबर निवडा" म्हणून संपर्क मागतं तेव्हा नाही म्हणून बघा. नंबर टाइप करायची चौकट बहुतेक वेळा तिथेच खाली असते.

लोकेशनबद्दल माझं धोरण साधं आहे. 'नेहमी' ही परवानगी घरात एखाद-दुसऱ्याच ॲपला असावी. बाबा कुठे आहेत हे तुम्हाला बघता यावं म्हणून काही लावलं असेल, तर ते आणि हरवलेला फोन शोधणारी सोय. नकाशा, रिक्षा, जेवण यांना 'वापरात असतानाच'. हवामानाला 'अचूक लोकेशन' बंद करून द्या. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे आणि मग ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो. बारामतीत पाऊस पडणार का हे सांगायला तेवढं पुष्कळ झालं. घड्याळाचं किंवा ब्लूटूथ स्पीकरचं ॲप लोकेशन मागत असेल तर लगेच चोर ठरवू नका. अँड्रॉइड ११ पर्यंत आजूबाजूची ब्लूटूथ साधनं शोधायला लोकेशनचीच परवानगी लागायची. १२ पासून त्यासाठी वेगळी 'जवळपासची डिव्हाइस' आली. मी आजोबांची तोडली होती ती हीच.

कॅमेरा आणि माइकवर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, मी सगळ्यात कमी लिहितो. "आम्ही मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात आली" हे दुकानात मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. अँड्रॉइड ९ पासून मागे पडलेल्या ॲपला माइक आणि कॅमेरा मिळत नाही, आणि १२ पासून वापर सुरू असेल तर हिरवा ठिपका दिसतो. प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत माइक कोणी वापरला ते वेळेसकट दिसतं. तिथे व्हॉट्सॲप आणि फोन सोडून भलतं नाव असेल तर काढा. मिक्सरची जाहिरात यायला माइक लागत नाही. बहुधा घरातल्या कोणीतरी मिक्सर शोधलेला असतो, आणि तुमचं वायफाय एकच असतं.

मराठी कीबोर्डबद्दल मात्र थांबा. मराठी टाइप करता यावं म्हणून लोक मिळेल तो कीबोर्ड टाकतात. चालू करताना फोन इशारा देतो की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकतो. हा इशारा वाचलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. कीबोर्ड परवानगीच्या कुठल्याच यादीत नसतो. गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी आहे, बोलूनही टाइप होतं. बाकीचे उडवा.

आणि हो, परवानगी काढण्यापेक्षा ॲप काढणं केव्हाही चांगलं. इंटरनेटची परवानगी अँड्रॉइड ॲपला न विचारताच मिळते, नेहमीच्या पानावर तिचं बटणसुद्धा नसतं. म्हणजे फोनमध्ये राहिलेलं ॲप काही ना काही बाहेर बोलू शकतं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, क्लीनर, बॅटरी वाचवणारं, फोटोवर फुलं लावणारं, यांतलं जवळपास सगळं फोनमध्ये आधीपासून असतं. टॉर्चचा इतिहास तर जुना आहे. 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं ॲप लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना देत होतं म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये त्याच्या मालकाला पकडलं होतं. बॅटरीच्या उजेडासाठी लोकेशन! बाबांना शेजारी बसवून एकेक ॲप दाखवा आणि विचारा, "हे कशाला?" उत्तर आलं नाही तर काढा. ८३ वरून ३० वर यायला माझ्या अनुभवात अर्धा तास लागतो, चहासकट.

पडद्यावर "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस" अशा सूचना येत असतील तर त्या ॲपच्या नसतातच बहुधा. कुठल्यातरी वेबसाइटला क्रोममधून नोटिफिकेशनची परवानगी गेलेली असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि ज्या साइट ओळखीच्या नाहीत त्या काढा. या एका कामासाठी लोक फोन फॉरमॅट मारायला पैसे मोजतात. मी घेत नाही, पण घेणारे आहेत.

म्हणजे क्रम असा: व्हॉट्सॲप आणि यूपीआय आधी पूर्ववत, मग ॲक्सेसिबिलिटी, मग विशेष ॲक्सेसची चार ठिकाणं, मग नको ती ॲप्स काढणं, आणि उरलेल्यांचे एसएमएस, संपर्क, लोकेशन. ॲप्स काढणं परवानग्यांच्या आधी घेतलंय ते मुद्दाम. जे जाणारच आहे त्याच्या परवानग्या चाळत बसू नका. प्रत्येक ॲपच्या पानावर 'वापरात नसल्यास परवानग्या काढा' असं एक बटण असतं, ते चालू राहू द्या. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःच काढून घेतो.

हे करताना खरोखरच संशयास्पद काही सापडलं, म्हणजे चित्र नसलेलं, नाव विचित्र, एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटी दोन्ही हातात, तर तिथे कुतूहल करत बसू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालंय ना बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब आहे. ॲप मात्र पुसायच्या आधी त्याच्या नावाचा आणि परवानग्यांचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो. त्यानंतर फोन रीसेट करूनच वापरा.

आईच्या आयफोनचं तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे काम कमी आहे. आयफोनमध्ये ॲपला मेसेजचा इनबॉक्स वाचायची परवानगी मागताच येत नाही, त्यामुळे वरचा अर्धा ताप वजा. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून लोकेशन, संपर्क आणि फोटो एवढं बघा. फोटोंना निवडकच द्या. 'ॲपला ट्रॅक करू द्यायचं का' असं विचारलं की नाही म्हणा, त्याने काही बंद पडत नाही. पडदा दाखवायला सांगणारा भामटा मात्र आयफोनवाल्यांनाही फोन करतो.

बारामतीला जाल तेव्हा बाबांच्या पाठीमागे हे करू नका, एवढी विनंती. गेल्या वेळी ते चिडले ते त्यांना न विचारता त्यांच्या फोनमधलं सगळं बदललं म्हणून, असा माझा अंदाज आहे. काय काढलं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी एखादं ॲप अडलं की ते कागद वाचून तुम्हाला फोन करतील, आणि तुम्हाला कुठलं बटण ते लगेच सांगता येईल.